डांबरगोळी आणि गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत गाडी बाळगणाऱ्याला पार्किंगच्या जागेखालोखाल चिंता असते ती गाडीच्या ‘अ‍ॅव्हरेज’ची, म्हणजे एका लिटरला ती किती किलोमीटर धावते याची. या चिंतेवर घरगुती तोडगेही पुष्कळ सांगितले जातात. टाकीत दहा डांबरगोळ्या टाकाव्यात, कापराच्या वड्या विरघळवाव्यात, नेलपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन थोडे ओतावे. सांगणारा बहुधा स्वतःचा अनुभव सांगतो : ‘वीस टक्के फरक पडला!’ ज्याचे पोट टॅक्सीवर आहे त्याला वीस टक्के ही लहान गोष्ट नाही. म्हणून हा दावा हसण्यावारी न नेता आम्ही तो तपासणार आहोत. त्यासाठी नववी-दहावीचे विज्ञान पुरेसे आहे.

ऊर्जेचा हिशेब

गाडी चालते ती इंधनातील रासायनिक ऊर्जेवर. एक किलोग्रॅम पेट्रोल जळले की सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. डांबरगोळी नॅफ्थॅलिनची असेल तर तिच्या एका किलोग्रॅमपासून मिळते सुमारे ४० मेगाज्यूल, म्हणजे थोडी कमीच. आता टाकीत ३० लिटर पेट्रोल आहे असे धरू. त्याचे वजन सुमारे २२ किलोग्रॅम. दहा गोळ्यांचे वजन ४० ग्रॅम धरले तर ते पेट्रोलच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी भरते. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी या टाकीत ४५० किलोमीटर जाईल. गोळ्यांची सगळी ऊर्जा उपयोगात आली तरी त्यात एका किलोमीटरचीसुद्धा भर पडणार नाही.

अ‍ॅसिटोनची गोष्ट उलटी आहे. त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्यामुळे एका लिटरमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा बरीच कमी असते. ते जितके अधिक ओतावे तितकी टाकीतील ऊर्जा घटते.

याची पडताळणी आज आपल्या प्रत्येक पंपावर होत आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एका लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. म्हणजे २० टक्क्यांचा एक-तृतीयांश, सुमारे साडेसहा टक्के ऊर्जा कमी झाली. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१च्या अहवालात या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकी गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के घट अंदाजली होती. नव्या मिश्रणानुसार जुळवलेल्या गाड्यांसाठी तो अंदाज १ ते २ टक्के होता. शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा आणि विचारावे : टाकीचा पाचवा हिस्सा बदलूनही फरक इतकाच पडतो, तर पाचशेव्या हिश्शाहूनही लहान भर वीस टक्के फरक कसा पाडील?

‘पूर्ण ज्वलना’चा युक्तिवाद

यावर उत्तर येते : ‘गोळी स्वतः ऊर्जा देत नाही, ती पेट्रोल पूर्ण जाळते.’ हा युक्तिवाद अधिक चतुर आहे. पेट्रोल इंजिनात ऊर्जेचा सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग वाया जातो हे खरे. पण तो न जळलेल्या पेट्रोलच्या रूपाने जात नाही. सुस्थितीतील इंजिनात इंधनाचे काही टक्केच अर्धवट जळतात. उरलेला अपव्यय हा जळून निर्माण झालेल्या उष्णतेचा आहे. ती धुराबरोबर आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. हे बंधन उष्मागतिकीच्या नियमांचे आणि इंजिनाच्या रचनेचे आहे. कापूर ते सैल करू शकत नाही.

पूरके मुळीच काम करीत नाहीत असेही नव्हे. १९२१ मध्ये ज्याचा नॉकिंग रोखण्याचा गुण सापडला त्या टेट्राएथिल लेडमुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढला, अवेळी स्फोट म्हणजे नॉकिंग थांबले आणि अधिक दाबाची, अधिक कार्यक्षम इंजिने बांधता आली. लाभ मिळाला तो इंजिन बदलल्यामुळे, आणि त्याची किंमत शिशाच्या विषारी धुराने जगाने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २०००पासून बंद झाले.

रॉकेलचा धडा

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणे ही आपल्याकडची सर्वांत जुनी ‘युक्ती’. तिने पैसे वाचत, कारण रॉकेल स्वस्त होते. किलोमीटर वाढत नव्हते. ‘दर लिटरला किती किलोमीटर’ आणि ‘दर किलोमीटरला किती रुपये’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रॉकेलचा ऑक्टेन अंक फार कमी असल्याने इंजिन नॉकिंग करते, काजळी साचते आणि वाचलेले पैसे गॅरेजमध्ये जातात. भेसळ ओळखता यावी म्हणून रेशनचे रॉकेल निळे करण्यात आले. तरी हा धंदा किती माजला होता ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसले. त्या दिवशी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ पकडताना जाळून मारण्यात आले.

डांबरगोळीही निरुपद्रवी नाही. बाजारातील अनेक गोळ्या नॅफ्थॅलिनच्या नसून पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यातील क्लोरीनमुळे जळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होतो, आणि पाण्याच्या वाफेशी मिळून तो धातू खाणारे आम्ल बनतो.

मग अनुभव खोटा का?

अनुभव सांगणारा खोटे बोलत नाही. मोजमाप फसवे असते. दहा लिटर भरताना ‘टाकी फुल’ ओळखण्यात अर्ध्या लिटरची चूक झाली, तर लगेच पाच टक्के फरक दिसतो. गणपतीच्या दिवसांत लालबागच्या रस्त्याने गेलेली गाडी आणि रविवारी सकाळी त्याच रस्त्याने गेलेली गाडी सारखे अ‍ॅव्हरेज देणार नाही. शिवाय तोडगा केला जातो तो अ‍ॅव्हरेज घसरल्यावरच. वाईट आठवड्यानंतर साधारण आठवडा आपोआप येतो आणि श्रेय गोळीला मिळते. गोळी टाकल्यावर चालकही जपून चालवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही आढळले नाही.

वहीतला प्रयोग

विद्यार्थ्यांच्या हाती पेट्रोल देऊ नये. त्याची गरजही नाही. शाळेतील एखाद्या शिक्षकांच्या स्कूटरची वही घ्यावी. काहीही न मिसळता सलग दहा वेळा टाकी भरताना लिटर आणि किलोमीटर लिहावेत, दर वेळचे अ‍ॅव्हरेज काढावे, सरासरी काढावी, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील अंतर पाहावे. ते अंतर सरासरीच्या दहा टक्के निघाले, तर ‘एका टाकीत आठ टक्के वाढ’ या दाव्याला काही अर्थ उरत नाही हे मुलांना सांगावे लागणार नाही.

पुढची पायरी कागदावर आखावी. गोळी कोणत्या टाकीत टाकायची हे नाणे उडवून ठरले पाहिजे, चालकाला ते कळता कामा नये आणि नोंद तिसऱ्याने ठेवली पाहिजे. प्रत्येक अट का घातली याचे कारण विद्यार्थ्यांनीच शोधावे. ज्यांना अ‍ॅव्हरेज खरोखर वाढवायचे आहे त्यांनी टायरमधील हवा तपासावी, सिग्नलला इंजिन बंद करावे आणि मोकळ्या रस्त्यावर वेग आवरावा. हे उपायही त्याच वहीत उतरवून तपासता येतील.