अभ्यासाचे महत्त्व : विषयाचे नव्हे, प्रश्नाचे

विद्यापीठात संशोधनाचा आराखडा सादर करताना 'प्रस्तुत अभ्यासाचे महत्त्व' या शीर्षकाखाली काही मजकूर लिहावा लागतो. बौद्ध अध्ययनाच्या क्षेत्रातील अनेक आराखड्यांत हाच भाग सर्वांत दुबळा असतो, असे आमचे मत आहे. विद्यार्थी विषय निष्ठेने निवडतात, वाचनही करतात. परंतु आपला अभ्यास कशासाठी, हे सांगण्याची वेळ आली की लेखणी गौरवाकडे वळते. धम्म विश्वकल्याणकारी आहे, बाबासाहेबांचे कार्य युगप्रवर्तक आहे, म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा आहे, अशी मांडणी केली जाते. यातील पहिली दोन विधाने आम्हांसही मान्य आहेत. मात्र त्यांतून तिसरे विधान निष्पन्न होत नाही. विषय थोर असला म्हणजे त्यावरील प्रत्येक अभ्यास थोर ठरत नाही.

दुसरा प्रकार 'या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही' या वाक्याचा. हे वाक्य बहुधा पडताळून पाहिलेले नसते. आणि ते खरे असले तरी पुरेसे नसते. जे कोणी केले नाही ते करण्याजोगे आहे, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

एक उदाहरण घेऊ. 'जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांमधील दानलेख' असा विषय एखाद्याने निवडला. येथे 'संशोधन झालेले नाही' असे म्हणता येणार नाही. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ल्यूडर्स यांची ब्राह्मी लेखांची सूची १९१२ मध्ये आली. लेखांचे वाचन झाले आहे, भाषांतरेही आहेत. मग नव्या अभ्यासाला जागा कोठे उरते? ती प्रश्नात उरते. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा उल्लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचाही उल्लेख आहे. म्हणजे संघासाठी दिलेले धन ज्यांच्या हाती विश्वासाने सोपवावे, अशी या कारागिरांची पत होती. बांबूकामाला पुढील काळात समाजरचनेत जे स्थान मिळाले, त्याच्याशी ही पत ताडून पाहिली की प्रश्न उभा राहतो : श्रमाची ही प्रतिष्ठा कोणत्या आर्थिक व सामाजिक व्यवस्थेवर उभी होती, आणि ती केव्हा व कशाने ढासळली?

या प्रश्नाने अभ्यासाचे महत्त्व आपोआप प्रकट होते. श्रेणींचा इतिहास लिहिणाऱ्यास, जातिव्यवस्थेच्या उगमाचा शोध घेणाऱ्यास आणि संघ व उपासक यांचे नाते तपासणाऱ्यास या उत्तराचा उपयोग आहे. मात्र येथे संयमही हवा. लेखातील बांबूकाम करणारे म्हणजेच आजची अमुक एक जात, असे समीकरण पुराव्यावाचून मांडता येणार नाही. अभ्यास काय सिद्ध करू शकेल आणि काय करू शकणार नाही, हे सांगणे हादेखील महत्त्व सांगण्याचाच भाग आहे.

या बाबतीत आपल्याला आदर्श शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. बाबासाहेबांच्या महानिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना पाहावी. तेथे ग्रंथाचे प्रयोजन स्तुतीने सांगितलेले नाही, चार प्रश्नांनी सांगितले आहे : सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची, आणि भिक्खूचे प्रयोजन काय. परंपरेने दिलेले उत्तर बुद्धीला का पटत नाही, हेही तेथे दाखविले आहे. वृद्ध, रोगी व मृत माणूस एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर पाहिलाच नव्हता, हे कसे मानावे? ही शंका वाचताच वाचकास पुढील ग्रंथाची गरज पटते. महत्त्व सिद्ध होते ते असे.

१९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही आपला सिद्धान्त अंतिम मानावा, असा आग्रह नाही. पुराव्यातील तुटलेले दुवे जोडताना तर्क व कल्पनाशक्ती यांचा आधार घ्यावा लागल्याचे तेथे उघडपणे मांडले आहे. १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधाची कथा तर अधिक बोलकी आहे. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातील भूमिका सर्वस्वी मान्य नव्हती, तरीही विचारांतील ताजेपणाची त्यांनी दखल घेतली. ज्याचे मत भिन्न आहे त्यालाही ज्याची दखल घ्यावी लागते, तो अभ्यास महत्त्वाचा.

आमच्या समाजातील अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच संशोधक असतात. त्यांच्या विषयांकडे 'हे चळवळीचे लेखन, संशोधन नव्हे' अशा दृष्टीने पाहणारे लोक आहेत. हा आक्षेप पुष्कळदा पूर्वग्रहातून येतो, हे आम्ही जाणतो. पण गौरवाने भरलेला आराखडा त्या पूर्वग्रहाच्या हाती आयते शस्त्र देतो, आणि नेमका प्रश्न विचारणारा आराखडा ते काढून घेतो. शिवाय यात केवळ पदवीचा प्रश्न नाही. आपला इतिहास आपण प्रश्न विचारून लिहिला नाही, तर तो इतरांच्या प्रश्नांनी लिहिला जाईल.

म्हणून आराखडा लिहिणाऱ्यांनी स्वतःस तीन गोष्टी विचाराव्यात. या विषयात आजवर काय मानले जाते? त्यातील कोणती गोष्ट पटत नाही, आणि का? आपले उत्तर मिळाल्यास कोणाची समजूत बदलेल? या तिन्हींची उत्तरे साध्या वाक्यांत देता आली, तर विशेषणांची गरज उरत नाही. धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले आहे. या आणि पाहा, असे तो सांगतो. त्या धम्माच्या अभ्यासकाने आपल्या अभ्यासाचे महत्त्व मानून घ्या असे म्हणू नये. ते पाहता येईल असे समोर ठेवावे.