अनुपस्थित साक्षीदार : वायदांच्या दोन चित्रपटांतील पत्रकार आणि कैदी

आंद्रेई वायदा यांचे ‘मॅन ऑफ मार्बल’ (१९७७) आणि ‘मॅन ऑफ आयर्न’ (१९८१) हे चित्रपट बहुधा एकाच कथेचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध म्हणून वाचले जातात. दुसऱ्या चित्रपटाला १९८१ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ‘सॉलिडॅरिटी’ चळवळीचा तो जणू अधिकृत चित्रलेखच ठरला. आणि पहिल्या चित्रपटाकडे त्या चळवळीची नांदी म्हणून पाहण्याची सवय समीक्षेच्या अंगवळणी पडली. या सवयीमुळे पहिल्या चित्रपटावर अन्याय झाला आहे, असे मला वाटते. त्याने उभा केलेला प्रश्न राजकीय तर आहेच, परंतु त्याआधी तो साक्षीच्या स्वरूपासंबंधीचा आहे. ज्याचे बोलणे सत्तेने तुरुंगात घालून बंद केले, त्याला त्याच सत्तेच्या दूरचित्रवाणीचा कॅमेरा घेऊन निघालेली एक तरुणी वाणी देऊ शकेल काय? पहिला चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. दुसरा देतो, आणि ते फार सहजपणे देतो.

कथानक थोडक्यात असे. अग्न्येश्का (क्रिस्तिना यांदा) ही चित्रपटविद्येची विद्यार्थिनी दूरचित्रवाणीसाठी आपला पदविका-चित्रपट करते आहे. विषय आहे मातेउश बिर्कुत (येझी राद्जिविलोविच) हा पन्नाशीच्या दशकातला गवंडी. क्राकूफजवळ १९४९ पासून उभ्या राहिलेल्या नोवा हूता या पोलादनगरीच्या बांधकामावर विटा रचण्याचा विक्रम करून तो श्रमवीर ठरतो. त्याचे संगमरवरी पुतळे घडतात, भव्य चित्रे मिरवणुकांतून फिरतात. पुढे एका प्रात्यक्षिकाच्या वेळी कोणीतरी त्याच्या हाती लालबुंद तापलेली वीट देते आणि त्याचे हात कायमचे निकामी होतात. संशय येतो तो त्याच्या मित्रावर, वितेकवर. मित्रासाठी उभा राहिलेला बिर्कुत अखेर स्वतःच तुरुंगात जातो, १९५६ च्या राजकीय वितळणीत सुटतो, आणि त्यानंतर कुठे नाहीसा होतो हे कोणालाच सांगता येत नाही.

अलेक्सांदर श्चिबोर-रिल्स्की यांनी लिहिलेली ही पटकथा १९६३ सालची आहे. ती पडद्यावर येण्यास तेरा-चौदा वर्षे लागली, आणि तत्कालीन संस्कृतिमंत्री यूझेफ तेयख्मा यांनी जबाबदारी घेतली नसती तर ती आलीही नसती. हा विलंब केवळ निर्मितीच्या इतिहासातला तपशील मानू नये. पटकथा लिहिली गेली तेव्हा बिर्कुतची गोष्ट नजीकच्या भूतकाळातली होती. चित्रपट झाला तेव्हा ती एका पूर्ण पिढीच्या पलीकडे गेलेली होती. अग्न्येश्काला बिर्कुत आठवत नाही. तिला तो शोधावा लागतो. चित्रपटाची सारी संरचना या अंतरातून जन्मलेली आहे.

चित्रपटाच्या आरंभीचे प्रक्षेपणकक्षातले दृश्य या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. अग्न्येश्का जुने वार्तापट पाहत बसली आहे. त्यांतले काही वायदांनी जुन्या वार्तापटांच्या धाटणीत स्वतः चित्रित केलेले आहेत, काही अस्सल आहेत. आणि त्यांची बेमालूम सरमिसळ प्रेक्षकाला तत्काळ अस्वस्थ करते. कारण पुराव्याचे दालन म्हणून जे आपल्यापुढे उघडले जाते, तेच बनावटीचे कारखानेही आहे. वितरित झालेल्या पटांच्या पाठोपाठ ती नाकारलेले तुकडे पाहते. त्यांत आवाज नाही, निवेदन नाही. भाष्याची साथ सुटली की प्रतिमा काही वेगळेच बोलू लागते. मात्र हे बोलणेही अर्धवटच आहे. ते ‘सत्य’ आहे असे चित्रपट कुठेही सुचवीत नाही. नाकारलेला तुकडा हा स्वीकारलेल्या तुकड्याचा सख्खा भाऊ आहे, एकाच कॅमेऱ्याचे ते अपत्य आहे. बिर्कुतवरील ज्या प्रचारपटाने बुर्स्की या दिग्दर्शकाचे नाव झाले, त्या चित्रपटातल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत साहाय्यक दिग्दर्शक म्हणून खुद्द वायदांचे नाव झळकते. हा विनोद नव्हे. दिग्दर्शकाने आपला जबाब येथे नोंदवून ठेवलेला आहे.

वार्तापट कृष्णधवल आणि साक्षीदारांच्या आठवणी रंगीत, ही योजना वरवर पाहता सरळ वाटते: एकीकडे प्रचार, दुसरीकडे स्मृती. पण रंगीत आठवणी सांगणारे कोण आहेत? बुर्स्की आता नामांकित, परदेशी महोत्सवांहून परतणारा. मिखालाक हा बिर्कुतवर नजर ठेवणारा पूर्वाश्रमीचा सुरक्षा-कर्मचारी आता कपडे उतरवणाऱ्या नर्तकींचे कार्यक्रम चालवतो. हान्का या बायकोने नवऱ्याला सार्वजनिकरीत्या नाकारलेले आहे. ती झाकोपानेला एका उपाहारगृहाच्या मालकाबरोबर राहते आणि पिते. यांपैकी प्रत्येकजण बिर्कुतविषयी बोलताना स्वतःचा हिशेब चुकता करतो आहे. म्हणजे बिर्कुत आपल्यापर्यंत पोहोचतो तो ज्यांनी त्याला घडवले, पहारा दिला किंवा सोडले त्यांच्याच तोंडून. त्याची स्वतःची साक्ष नाही. एकाकी नायकाचे चरित्र अनेकांच्या जबान्यांतून जुळवण्याची ही रीत ‘सिटिझन केन’ची आहे हे वारंवार सांगितले जाते, आणि ते खरेही आहे, परंतु केन मरताना एक शब्द तरी मागे ठेवतो. बिर्कुतने मागे ठेवलेला असा एकही शब्द नाही.

वितेकचा विचार मात्र वेगळा करायला हवा, आणि समीक्षकांनी तो पुरेसा केलेला नाही. तोही कैदेतून सुटून आलेला आहे. अग्न्येश्का त्याला भेटते तेव्हा तो एका नव्या प्रचंड पोलाद-प्रकल्पावर वरिष्ठ पदावर आहे, घाईत आहे, प्रसन्न आहे. एकाच प्रकरणातून दोघांना शिक्षा झाली. एक व्यवस्थेत सामावला गेला, दुसरा दिसेनासा झाला. पूर्वी कैदी असलेला माणूस पत्रकाराला भेटतो ते या चित्रपटातले एकमेव ठिकाण हेच, आणि तेथेही हाती लागते ती एक नीटस, कामाला लागलेली, पुढे पाहणारी व्यक्ती. सुटका म्हणजे बोलण्याची मुभा नव्हे. सुटका ही गप्प बसण्याच्या अटीवरची नेमणूकही असू शकते. वितेकविषयी चित्रपट कडवट होत नाही, ही त्याची प्रगल्भता.

तुरुंगाविषयी चित्रपटात जवळजवळ काहीच दाखवलेले नाही. त्याऐवजी एक दार आहे. वितेकला सुरक्षा-कार्यालयात बोलावणे येते. बिर्कुत सोबत जातो, बाहेर बाकावर थांबतो. मित्र दारातून आत जातो. बराच वेळ लोटतो. अखेर बिर्कुत आत डोकावतो तेव्हा खोलीत वितेक नाही. येथे असा कोणी आलाच नाही, असे त्याला शांतपणे सांगितले जाते. यात मारहाण नाही, आरडाओरड नाही. एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट घडलीच नव्हती, असे राज्याने त्याला सांगणे, एवढेच. साक्ष रद्द होण्याचा हा मूळ प्रसंग आहे, आणि पुढचा सारा चित्रपट त्याचीच पुनरावृत्ती करतो. बिर्कुत सभेत बोलायला उभा राहतो तेव्हा ध्वनिक्षेपक बंद पडतो. पंचवीस वर्षांनी अग्न्येश्काचा कॅमेरा काढून घेतला जातो. साधने बदलतात, खोली रिकामीच असते.

अग्न्येश्काला तरी आपण कितपत विश्वासार्ह मानावे? यांदाची ती लांब टांगांची धावपळ, सिगरेटी, खांद्याला लटकणारी भलीमोठी पिशवी यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. संग्रहालयाच्या बंद कोठारात लोळत पडलेल्या पुतळ्यावर मांड ठोकून ती चोरून चित्रण करते, त्या प्रतिमेत बंडखोरी आहे तशी शिकाऱ्याची ऐटही आहे. बिर्कुत तिच्या लेखी तोवर एक ‘विषय’ आहे. तिला तो आपल्या चित्रपटासाठी हवा आहे. वायदा तिला या बाबतीत सूट देत नाहीत. वरिष्ठ तिचे चित्रण पाहून कॅमेरा आणि फिल्म काढून घेतात. ती हताश होऊन वडिलांकडे जाते, आणि ते तिच्यापुढे साधा प्रश्न ठेवतात: चित्रपट होवो न होवो, त्या माणसाचे काय झाले हे निदान स्वतःला तरी कळावे असे तुला वाटत नाही का? या क्षणी चौकशीचा हेतू बदलतो. कॅमेरा गेल्यावर ती प्रथम बिर्कुतच्या शोधात निघते. तोवर ती त्याच्या प्रतिमेच्या शोधात होती.

मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथे पत्रकाराने विकत आणलेली स्त्री समोर उभी आहे, आणि तिने सरिताला विचारलेला किमतीचा प्रश्न पत्रकाराच्या घराचाच उलगडा करतो. वायदांकडे पीडित समोर नाही, म्हणून प्रश्न विचारणारीलाच स्वतःवर तो उलटवावा लागतो.

अखेरीस ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यापाशी तिला भेटतो तो बिर्कुतचा मुलगा, माचेक तोम्चिक. वडील वारले, एवढेच तो सांगतो. कसे, केव्हा, याचा उच्चार नाही. मूळ चित्रणात अग्न्येश्का ग्दान्स्कमध्ये बिर्कुतची कबर शोधते असा प्रसंग होता. सेन्सॉरने तो काढायला लावला, आणि वायदांनी पुढे ‘मॅन ऑफ आयर्न’मध्ये तो वापरला. बिर्कुत डिसेंबर १९७० च्या गोळीबारात मारला गेला हे तेथे उघड होते. सेन्सॉरच्या कात्रीचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. ती कात्री त्या मृतांवरच चालली होती. तरीही एक समीक्षक म्हणून मला हे नोंदवावेच लागते की ‘वडील वारले’ या तुटक वाक्यापाशी थांबलेला चित्रपट कबरीपर्यंत पोहोचलेल्या चित्रपटापेक्षा अधिक अस्वस्थ करतो. कबर मिळाली की शोध संपतो. येथे तो संपत नाही, आणि ज्यांनी तो तोडला त्यांच्याकडेच बोट दाखवीत राहतो. १९७७ च्या ग्दान्स्क महोत्सवात पत्रकारांनी वायदांना जिन्यावर, समारंभाबाहेर, फीत बांधलेली एक वीट भेट दिली. त्या व्यवसायाने आपला कबुलीजबाब असा एका विटेने दिला, असेच म्हणावे लागेल.

‘मॅन ऑफ आयर्न’ची भूमी ऑगस्ट १९८० च्या संपाची आहे. भूमिकांची अदलाबदल झाली आहे: अग्न्येश्का आता स्थानबद्ध आहे, आणि तिला भेटायला येणारा विंकेल (मारियान ओपान्या) हा नभोवाणीचा पत्रकार, आपल्या एका जुन्या गुन्ह्याच्या धाकाखाली, संपाचा नेता तोम्चिक याला बदनाम करण्यासाठी धाडलेला. ही कल्पना विलक्षण आहे. पत्रकार कैद्यासमोर बसतो आणि दोघांत खोटा असलेला पत्रकारच आहे. पण चित्रपट या तणावाला फार काळ टिकू देत नाही. अग्न्येश्का बोलते आणि तिचे बोलणे पडद्यावर निःशंकपणे साकार होते. लेख वावेन्सा आणि आन्ना वालेन्तिनोविच स्वतःच्याच भूमिकेत येऊन त्यावर शिक्का मारतात. पहिल्या चित्रपटात संशयास्पद असलेला वार्तापट येथे हमीपत्र बनतो: १९७० आणि १९८० ची अस्सल दृश्ये कथेला दुजोरा देण्यासाठी जोडलेली आहेत. ऐन घडामोडीत, काही महिन्यांत उभ्या केलेल्या कलाकृतीकडून संशयाची चैन अपेक्षिणे कदाचित अन्यायाचे ठरेल. त्या दिवसांत लोकांना साक्ष हवी होती, साक्षीची मीमांसा नको होती. परंतु त्यासाठी मोजलेली किंमत दिसल्यावाचून राहत नाही: कैद्याची साक्ष पहिल्यांदा मिळाली, आणि तिला प्रतिप्रश्न करणारे कोणी उरले नाही.

उरतो तो विंकेल. दारूबंदी असलेल्या शहरातल्या हॉटेलच्या न्हाणीघरात त्याची वोद्काची बाटली फुटते, आणि तो फरशी टॉवेलने पुसून तो टॉवेल पिळून पितो. चळवळीच्या सगळ्या ध्वजांपेक्षा हे दृश्य मला अधिक खरे वाटते, कारण येथे वायदांनी पुन्हा एकदा स्वतःच्या व्यवसायाकडे पाहिले आहे. शेवटी करारावर सह्या झाल्यानंतर सत्तेतला एक अधिकारी विंकेलला गाठून सांगतो की, तो निव्वळ कागद आहे, दडपणाखाली झालेला करार वैध नसतो. १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि चित्रपटावर बंदी आली. विंकेलला ते वाक्य ऐकवले गेले तेव्हा जवळपास दुसरे कोणीही नव्हते.