आज्ञापत्रांतील आंबे-फणस

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील वृक्षांविषयींचा मजकूर वनरक्षणाचा दाखला म्हणून वारंवार पुढें केला जातो. आमच्या मतें हें वाचन अपुरें आहे. मजकूर येतो तो आरमाराच्या प्रकरणांत. गलबतांस लांकूड हवें. सागादि वृक्ष अरण्यांतून हुजूरच्या परवानगीनें तोडावे, परंतु आंबे-फणस रयतेनें पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेले, त्यांस हात लावूं नये. एखादें जीर्ण झाड घेणें झाल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील निवाडा. म्हणजे येथें झाड राखलें जातें तें धन्याच्या हक्कामुळें.

रत्नागिरीकरांस हा भेद सांगणें नलगे. येथें गडग्यालगतचा फणस एकाचा व जमीन दुसऱ्याची असूं शकते. राबासाठीं ऐनाच्या फांद्या छाटतात, बुंधा राखतात.

१९४९ च्या कायद्यानें खोती गेली. कागद मात्र पुष्कळ घरीं उरले. संग्राहक सनदा व महजर जपतात, वाटणीपत्रें आणि झाडतोडीच्या तक्रारी रद्दींत जातात. आज्ञा काय होती हें आज्ञापत्र सांगतें. ती पाळली गेली कीं नाहीं, हें असे क्षुल्लक कागदच सांगूं शकतील. ते राखावे, ही विनंती.