ग्रंथालयातील यंत्र आणि मराठीचा अनुस्वार

संगणकाने ग्रंथालयांचे कल्याण होईल, या मताशी आमचा विरोध नाही. राऊसारख्या गावी राहणाऱ्या अभ्यासकास जुन्या मराठी पुस्तकासाठी पूर्वी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. आज त्यांतील पुष्कळ पुस्तके घरबसल्या वाचता येतात. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, हे रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेले सूत्र त्यामुळे सुकर झाले आहे.

तथापि ग्रंथ असणे निराळे आणि तो सापडणे निराळे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशीच रूपे आढळतात. आजचा विद्यार्थी ‘नाव’, ‘काही’ असे टंकून शोधतो. अक्षरास अक्षर ताडून पाहणारे यंत्र ‘आढळले नाही’ असे निर्विकारपणे सांगते आणि असे पुस्तक नव्हतेच, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. साध्या रोमन लिपीतील सूचींत तर ‘काळे’ आणि ‘काले’ यांतील भेदही मावळतो.

हा दोष यंत्राचा नव्हे. जुन्या-नव्या रूपांची सांगड घालण्यास त्यास शिकविता येते. मात्र शिकविणारा मराठीचा जाणकार हवा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तीमागे असाच ग्रंथज्ञ होता. यास्तव यंत्र आले म्हणून सूचीकारास निरोप देणे, ही आमच्या मते काटकसर नव्हे. ते आपल्याच ग्रंथांचे विस्मरण होय.