जबड्याच्या सांध्याचे चित्र आणि निदान

जबड्याच्या सांध्याच्या विकारांचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय निदान-निकष संज्ञांच्या काटेकोरपणामुळे अभ्यसनीय ठरतात. सांध्यातील चकती सरकल्याची खातरजमा एमआरआयने आणि हाडाच्या झिजेची सीटी स्कॅनने करावी, असे ते सांगतात. तोंड उघडताना चकती जागेवर परतणारा प्रकार नुसत्या तपासणीने सुमारे ३४ टक्के रुग्णांतच ओळखता येतो. तेव्हा चित्राची गरज निर्विवाद आहे. तथापि सरकलेली चकती वेदनारहित माणसांतही, काही पाहण्यांत तिघांपैकी एकात, आढळली आहे. असे असता निकष तिला ‘विकार’ याच सदरात घालतात. ‘स्थानबदल’ हे वर्णन होय, ‘विकार’ हा निर्णय. हा भेद पुसला गेला, की निरोगी माणसावरही उपचार ओढवतात. चित्र चकतीची जागा दाखवते. वेदना रुग्णानेच सांगावयाची असते.