लवकर निदान झालं. पुढचा खर्च कुणाचा?

२०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि आपलं वाशीम. प्रगती मोजायला ४९ निर्देशांक ठरले. त्यांत कुपोषण आहे, लसीकरण आहे. पण दोन वर्षांचं मूल ऐकतं का, बोलतं का, नसेल तर त्याला थेरपी मिळाली का, हे नाही. जे मोजलंच जात नाही, त्यासाठी निधी मागायचा तरी कोणत्या आकड्यावर?

कुणी म्हणेल, योजना आहे की! आहे ना. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब तपासतं, आणि गरज असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. आराखडा चांगला आहे, याबद्दल आमचा वाद नाही.

अडचण पाठवल्यानंतरची आहे. तपासणी एका दिवसात उरकते. थेरपी महिनोन्‌महिने चालते. मानोरा तालुक्यातल्या खेड्यातून मुलाला वाशीमला आणायचं म्हणजे एसटीचं भाडं लागतं, शिवाय आईची मजुरी बुडते. हे दर आठवड्याला. आणि एवढं करून स्पीच थेरपिस्टची जागाच रिकामी असली, तर? राष्ट्रीय आरोग्य अभियानातली ही पदं बहुतेक कंत्राटी. मंजूर आराखड्यात तरतूद असेल तोवर माणूस टिकणार.

आता कायदा बघा. अंगणवाडीतल्या आहाराला २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचा आधार आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वर्षातून एकदा सगळ्या बालकांची तपासणी करायला सांगतो. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून. आणि पुनर्वसनाच्या सेवा? त्या सरकारने आपल्या आर्थिक क्षमतेनुसार द्यायच्या, असं तोच कायदा म्हणतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. शून्य ते सहा या वयात मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते, आणि त्याच वयातला उपचार तिजोरीच्या सोयीवर सोडलेला आहे.

ही भीती काल्पनिक नाही. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंगणवाडी योजनेची तरतूद १८ हजार कोटींवरून साडेआठ हजार कोटींच्याही खाली आली होती. राज्यांचा कर-वाटा वाढवला, त्यांनी भागवावं, हा युक्तिवाद. पुढे पुरवणी मागण्यांतून रक्कम वाढवावी लागली. पण लहान मुलाचं वय पुरवणी मागणीसाठी थांबत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. थेरपीसाठी वेगळं लेखाशीर्ष हवं, आणि तिथला पैसा दुसरीकडे वळवायला मनाई हवी. थेरपिस्टची पदं कायम करा. आईला प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी द्या. आणि किती मुलं तपासली या आकड्याशेजारी किती मुलांची थेरपी पूर्ण झाली, हा आकडाही दरवर्षी जाहीर करा. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनी विचारावा, एवढा आग्रह आपण सगळ्यांनी धरू या.