देह, दस्तऐवज आणि अभिनय

विल्यम वायलर दिग्दर्शित 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) या अमेरिकन चित्रपटाची दोन वाचने महत्त्वाची ठरली आहेत. रॉबर्ट वॉरशॉ याने १९४७ मध्ये, सामाजिक प्रश्न व्यक्तिगत पातळीवर सोडवल्याचा आक्षेप त्यावर घेतला. आंद्रे बाझँ याने १९४८ मध्ये त्याच्या दृश्यरचनेची मीमांसा केली. हॅरॉल्ड रसेल हा नट आहे की पुरावा, हा प्रश्न या दोन्ही वाचनांच्या सांध्यावर उभा आहे.

मॅकिन्ले कँटरच्या 'ग्लोरी फॉर मी' (१९४५) या पद्यकादंबरीतील होमर हा मेंदूच्या इजेमुळे अवयवांवरील ताबा गमावलेला खलाशी आहे. रसेलवरील लष्करी माहितीपट पाहिल्यानंतर वायलर आणि पटकथाकार रॉबर्ट शेरवूड यांनी होमरला दोन्ही हात गमावलेला तरुण केले. मात्र रसेल खलाशी नव्हता. १९४४ मध्ये प्रशिक्षण तळावरील स्फोटात हात गमावलेला तो भूदलातील सैनिक होता. होमरचे हात जहाजाच्या आगीत गेले आहेत. म्हणजे देह खरा, परंतु त्याचा इतिहास कल्पित. रसचर्चेच्या परिभाषेत सांगायचे तर अनुकार्य आणि अनुकर्ता यांच्यातील अंतर पोलादी आकड्यांपाशी मिटते आणि चरित्रापाशी कायम राहते. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने रसेलसाठी योजलेले अभिनयाचे धडे वायलरने थांबवले. अभिनयामुळे दस्तऐवज डागाळेल, ही त्यामागील भूमिका दिसते.

बाझँने विश्लेषिलेल्या मद्यगृहातील दृश्यात ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यापुढे, अग्रभागी होमर आपल्या बुच काकासह (होगी कारमायकेल) पियानो वाजवतो. जवळच अॅल (फ्रेडरिक मार्च) उभा आहे; दूर पार्श्वभागी टेलिफोनच्या कक्षात फ्रेड (डेना अँड्र्यूज) अॅलच्या मुलीशी संबंध तोडत आहे. बाझँच्या मते खरी नाट्यघटना पार्श्वभागी आहे आणि पियानो हे गौण निमित्त. परंतु आकड्यांनी वाजणारा पियानो निव्वळ निमित्त राहू शकत नाही. अग्रभागी जे घडते ते चित्रपटाबाहेरही खरे आहे. पार्श्वभागी जे घडते ते केवळ कथेत. प्रेक्षकाची नजर येथे केवळ दोन जागांत विभागली जात नाही. वास्तवाच्या दोन प्रतींत विभागली जाते.

तरीही रसेलला पुरावा मानणे अन्यायाचे ठरेल. शयनगृहातील प्रसंगात होमर विल्माला (कॅथी ओडॉनेल) दाखवतो, की आकडे काढल्यावर तो किती परावलंबी होतो. रसेल येथे करुणेची याचना करत नाही. एखादी कार्यपद्धती समजावून द्यावी तशा सुरात बोलतो. हा सूर देहातून आपोआप उमटत नाही. तो निवडावा लागतो, आणि ही निवड म्हणजेच अभिनय. अकादमीने मात्र या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन पारितोषिके दिली : एक सहायक अभिनेत्याचे, दुसरे माजी सैनिकांना आशा व धैर्य दिल्याबद्दल विशेष सन्मानाचे. नट आणि पुरावा ही फारकत त्यामुळे संस्थेच्या पातळीवर अधिकृत झाली.

वॉरशॉचा आक्षेप फ्रेडच्या बाबतीत बव्हंशी खरा ठरतो. त्याच्या बेकारीला मोडीत निघालेल्या विमानांच्या तळावर योगायोगाने उत्तर सापडते. होमरच्या बाबतीत तो अपुरा पडतो. अखेरच्या विवाहविधीत विल्माच्या बोटात अंगठी सरकवली जाते तीही आकड्यांनीच. कथेने दिलेला सुखान्त रसेलच्या देहाला लागू होत नाही. चित्रपटाचे सत्त्व या न मिटणाऱ्या विसंगतीत आहे.